डाख

दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नावाचे,
काळं कातडं, पुढं चकाकता पत्रा.
फरक एका अक्षराचा,
तोही आत, हिरव्या सर्किटच्या कडेला, आरसा धरून वाचावा असा:
एकावर सी, एकावर एफ.

सी मी घेतला मडगावच्या लग्नबँडकडून,
चोर्ला घाटातून आणला मांडीवर,
व्हॉल्व्ह काढून, मोज्यांत गुंडाळून.
एफ कोल्हापूरच्या पोराचा. चार दिवसांसाठी इथं ठेवून गेलाय.
त्याला अदलाबदल हवी, वर पंधरा हजार देतो,
कारण जाणकार म्हणतात
सुरुवातीच्या आवृत्त्यांत जीव होता,
पुढं कंपनीनं त्यांना माणसाळवलं.

म्हणून रविवारी शहापूरला,
पायगोंडा मगदूमांच्या दुकानात.
पाटीचीही ही चौथी आवृत्ती.
ऊन तिरपं पडलं की खालची अक्षरं वर येतात,
कधी कानडी, कधी मराठी,
आणि सगळ्यांच्या तळाशी इंग्रजीत नुसतं
रेडिओ.

एकच गिटार, एकच केबल, एकच स्पीकरची पेटी.
जाड तार तळहातानं दाबून मी एफ वाजवला.
कडा स्वच्छ. खालचा सूर आटोपशीर,
शिंप्यानं माप घेतल्यासारखा.
वर थोडा फेस, तो लगेच बसतो.
मग सी.
भरड.
जोंधळ्याची कणी बोटांत यावी तसा,
आणि त्याच्या मागून कुणी तरी
रिकामी ट्रंक फरशीवरून ओढत नेतंय.

पायगोंडांचा उजवा कान सांबऱ्याच्या विमानांनी नेला.
ते लांब स्क्रूड्रायव्हर पेटीला टेकवतात,
मूठ दातांत धरतात, डोळे मिटतात.
"परत वाजीव."
मी परत.
"गेन वाढीव."
आठवर नेला तर मागच्या गल्लीतले यंत्रमाग
तारेतून थेट आत आले,
एकाच घरघरीत, सी असो की एफ.

"उलटा कर गा तो जुना."
आधी साठलेला करंट उतरवला,
एका हातानं. दुसरा हात खिशात,
चाळीस वर्षांची सवय.
बॅटरीचा उजेड आत फिरला
आणि एका जागी थांबला.

सुपारीएवढा तपकिरी कंडेन्सर,
मागावरच्या सुतानं बांधलेला.
शेजारी डाख: मोहरीएवढा,
शेपूट डावीकडं वळलेलं.

पायगोंडा डावरे आहेत.

"हे मीच केलोय की."
बराच वेळ दुसरं काही नाही.
मग: एक गोव्याचा पोरगा, इनास का कायसं,
रात्री दोनला दार वाजवलं, सकाळी लग्न त्यांचं.
कंपनीचा माल बेळगावात कुठनं आणू?
घरातला रेडिओ फोडलो, त्यातला घातलो.
तात्पुरता म्हणून.

सव्वीस वर्षं तात्पुरता.
आणि ज्या भरडीसाठी मी घाट उतरलो,
जिच्यावर रात्र रात्र वाद घातले,
ती कारखान्याची नव्हतीच.
ती कुणाच्या तरी आईच्या स्वयंपाकघरात
बातम्या सांगत बसलेली होती.

त्यांनी खण उघडला. आता सगळं मिळतं.
"मूळचा घालू? दोन मिनिटं.
मग खरा सी होतोय."
इस्त्री तापलेली, राळेचा धूर नाकात,
आणि मी त्या सुताकडं बघत उभा.
"राहू दे," म्हटलं.

कोल्हापूरला फोन लावून खरं ते सांगितलं:
अक्षर सी आहे, आवाज सी नाही,
मध्ये एक रेडिओ आहे.
पलीकडं जरा शांतता.
मग तो म्हणाला, वीस देतो.

पायगोंडांनी झाकण लावलं,
चारही स्क्रू, एक आटा फिरलेला.
उघडणं-बंद करणं चाळीस रुपये.
आणि तीस कंडेन्सरचे,
त्या रात्री घाईत
मागायचे राहून गेलेले.